कोटीची जमीन आणि सोळाशे रुपयांची काळजी

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकींबरोबर फोंड्याला बँकेत गेलो होतो. काकी निवृत्त शिक्षिका. वीस लाखांच्या ठेवीची मुदत संपली होती, ती परत ठेवायची होती. काउंटरवरच्या मुलीने नवा दर सांगितला तेव्हा काकींनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. जुनी ठेव सव्वासात टक्क्यांनी होती, नवी सव्वासहा टक्क्यांनी होणार होती. म्हणजे वर्षाला 1,45,000 रुपये यायचे, ते आता 1,25,000 येणार. महिन्याला 1,667 रुपये कमी. परतताना गाडीत त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुझ्या काकांच्या गोळ्यांचा खर्च गेला बघ."

याच काका-काकींचं गावात रस्त्याला लागून एक भाट, म्हणजे माडांची बागायती जमीन, आहे. दलाल त्याची किंमत कोटीच्या वर सांगतात आणि दर महिन्याला कोणी ना कोणी येऊन विचारून जातो. भाटातून येतं काय? थोडे नारळ, तेही ते पाडणारा पाडेली मिळाला तर. कोटीची मालमत्ता नावावर आहे आणि झोप उडते ती सोळाशे रुपयांनी. अशी घरं गोव्यात गावोगाव आहेत. हे का होतं, हे नीट समजून घ्यावं म्हणून हा लेख.

व्याजदर उतरण्याचं कारण आधी सांगतो. रिझर्व्ह बँक इतर बँकांना थोड्या मुदतीसाठी ज्या दराने पैसे देते त्याला रेपो दर म्हणतात. फेब्रुवारी ते जून 2025 या काळात हा दर 6.50 टक्क्यांवरून 5.50 टक्क्यांवर आणला गेला. बँकांना पैसा स्वस्तात मिळू लागला की आपल्या ठेवींसाठी जास्त व्याज मोजायची गरज त्यांना राहत नाही. कर्जदाराचा हप्ता हलका होतो आणि ठेवीदाराचं उत्पन्न घटतं.

कुळागर म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊकच आहे

माझ्या मामाचं सावईवेऱ्याला कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची मिश्र बाग, आहे. लहानपणी मे महिन्यात तिथे गेलं की मामा संध्याकाळी ओसरीवर एक लांबट वही घेऊन बसायचा. डाव्या पानावर आलेलं: सुपारी, नारळ, केळी, मिरी. उजव्या पानावर गेलेलं: मजुरी, शेणखत, पाट दुरुस्ती, पावसाआधीची बोर्डो मिश्रणाची फवारणी. कुळागराची विकून किती किंमत येईल, हे त्या वहीत कुठेच नसायचं. मामाला त्याचं घेणंदेणं नव्हतं. वर्षाअखेरीस डाव्यातून उजवं वजा करून काय उरलं, एवढंच तो बघायचा.

अर्थशास्त्रात ज्याला उत्पन्न देणारी मालमत्ता म्हणतात ती हीच. तुम्ही झोपलेले असताना, आजारी असताना, म्हातारे झाल्यावरही जी काहीतरी आणून देते ती. ठेवीचं व्याज, दुकानाचं भाडं, कंपनीच्या नफ्यातला वाटा ही सगळी कुळागरं. याउलट राहतं घर, गाडी, अंगावरचे दागिने यांना किंमत असते, पण ती खायला घालत नाहीत. घरपट्टी, विमा, दुरुस्ती असा उलट त्यांचाच खर्च आपण करतो. ती वाईट आहेत असं मी म्हणत नाही. डोक्यावर छप्पर हवंच. फक्त त्यांना मामाच्या वहीतल्या डाव्या पानावर घालू नये.

म्हणून कुठल्याही मालमत्तेकडे बघताना "आज हिचा भाव काय?" याच्या आधी विचारायचं: ही वर्षाला देते किती, राखायला लागतं किती, आणि राखणार कोण? काकींच्या भाटाला हे प्रश्न विचारले तर उत्तर येतं: जवळजवळ काही नाही, थोडं, आणि कोणीच नाही.

पैसा वाढतो कसा आणि झिजतो कसा

चक्रवाढ हा शब्द शाळेत शिकलो, पण परीक्षेनंतर विसरलो. व्याजावर व्याज, बस. दामदुप्पट किती वर्षांत होईल ते काढायची सोपी युक्ती अशी: 72 ला व्याजदराने भागा. 6 टक्क्यांनी 12 वर्षं, 8 टक्क्यांनी 9 वर्षं.

हीच युक्ती उलटीही चालते, आणि ते कोणी शिकवत नाही. महागाई 4 टक्के असेल (रिझर्व्ह बँकेचं अधिकृत लक्ष्य तेच आहे), तर 18 वर्षांत रुपयाची किंमत निम्मी होते. म्हणजे बँकेत आकडा तसाच दिसला तरी त्यात मिळणारे बांगडे निम्मे. सव्वासहा टक्के व्याजातून 20 टक्के कर आणि त्यावरचा उपकर गेला की हातात पाचाच्या आसपास उरतात. त्यातून महागाईचे चार काढा. खरी वाढ जेमतेम एक टक्का. आणि ते व्याज खर्च केलं, तर मूळ रक्कम दरवर्षी झिजत जाते. ठेव सुरक्षित आहे हे खरंच. पण ती पैशाला पावसात भिजू देत नाही एवढंच, वाळवीपासून वाचवत नाही.

आता वेळेचा हिशेब बघा. महिन्याला 3,000 रुपये वर्षाला 10 टक्के वाढीने टाकले, तर 20 वर्षांत 7 लाख 20 हजार भरले जातात आणि साधारण 22 लाख 80 हजार होतात. तेच 30 वर्षं केलं तर भरले जातात 10 लाख 80 हजार, आणि होतात जवळपास 68 लाख. शेवटच्या दहा वर्षांत आपण टाकले फक्त 3 लाख 60 हजार. बाकीचं काम आधीच्या झाडांनी केलं. दहा टक्के मिळतीलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही, हा आकडा फक्त समजण्यासाठी घेतलाय. पण पंचविशीतल्या मुलाला मी हेच दोन आकडे कागदावर लिहून देतो.

शेअर म्हणजे काय, हे कोमुनिदादीने आधीच शिकवलंय

शेअर बाजार म्हटलं की आपल्याकडची वडीलधारी माणसं "जुगार तो" म्हणून मान हलवतात. पण कंपन्यांचे शेअर मुंबईत विकले जायच्या कितीतरी आधीपासून गोव्याच्या गावांत सामाईक मालकीची पद्धत होती. गावकरी म्हणा किंवा पोर्तुगीज काळातलं नाव कोमुनिदाद म्हणा. खाजन शेतं (खाऱ्या पाण्याला बांध घालून मिळवलेली जमीन) गावाची, बांध गावाचे. शेतांचा लिलाव व्हायचा, मानशीतल्या (बांधाच्या पाणदरवाजातल्या) मासळीचा लिलाव व्हायचा. त्या उत्पन्नातून बांधांची डागडुजी आणि गावची कामं व्हायची, आणि उरलं ते गावकार (गावच्या मूळ घराण्यांतले वारस) व भागधारकांत वाटलं जायचं. कोणीही आपला तुकडा तोडून नेत नसे. वाटा मिळायचा तो उत्पन्नाचा.

कंपनीचा शेअर हेच आहे. कंपनीचा एक बारीक हिस्सा तुमचा. नफा झाला तर काही भाग लाभांश म्हणून येतो, उरलेला धंद्यात परत जातो आणि तुमच्या हिश्शाचं मोल वाढवतो. एका कंपनीचं नशीब ओळखणं अवघड, म्हणून म्युच्युअल फंड निघाले: हजारो लोकांचे पैसे एकत्र करून अनेक कंपन्यांत घालायचे. त्यातला इंडेक्स फंड सगळ्यात साधा. उदाहरणार्थ, देशातल्या मोठ्या 50 कंपन्यांची यादी ठरलेली, तो त्या यादीप्रमाणे घेतो, स्वतःची हुशारी चालवत नाही, म्हणून त्याचं शुल्कही कमी. आणि दर महिन्याला ठरावीक रक्कम फंडात टाकायची सोय म्हणजे एसआयपी. एसआयपी ही वेगळी योजना नव्हे, ती फक्त पैसे भरायची पद्धत. हा गोंधळ इतक्या लोकांचा आहे की मुद्दाम सांगावं लागतं.

"पण बाजार कोसळला तर?"

कोसळतो. कोसळणारच. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, 21,000 च्या वर गेला होता आणि मार्च 2009 मध्ये 8,500 च्याही खाली होता. लाखाचे चाळीस हजार. ज्यांनी घाबरून विकलं त्यांचं नुकसान कायमचं झालं.

पण समजा एका दुर्दैवी माणसाने नेमके त्या शिखरावरच, जानेवारी 2008 मध्ये, सगळे पैसे घातले आणि मग हात लावला नाही. जुलै 2024 मध्ये सेन्सेक्स 80,000 झाला. साडेसोळा वर्षांत पावणेचार पटीहून जास्त, म्हणजे वर्षाला सव्वाआठ टक्क्यांच्या वर, लाभांश वेगळा. सगळ्यात वाईट दिवशी आत शिरलेल्याची ही गोष्ट. मात्र त्यातली पहिली पाच-सहा वर्षं त्याला काहीच दिसलं नसणार. पोफळीचं रोप लावलं तरी पहिलं पीक पाच-सहा वर्षांनीच धरतं, आणि म्हणून कोणी रोप उपटून बघत नाही. ज्या पैशांची पुढच्या पाच-सात वर्षांत गरज लागणार आहे, मुलीचं लग्न असो वा घराचं छप्पर, ते या वाटेला नेऊच नयेत.

जुगार मात्र खराखुरा आहे, तो दुसऱ्या खोलीत. फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे भाव वर जाईल की खाली यावर ठरावीक मुदतीत लावलेले सौदे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की तीन वर्षांत यात उतरलेल्या व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात होते, आणि एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटींच्या वर. मोबाइलवर टिप्स देणाऱ्या गटात आपला मुलगा असेल तर त्याला हा आकडा दाखवा. मी माझ्या भाच्याला दाखवला. तो रागावला, आठवडाभर बोलला नाही, पण त्याने खातं बंद केलं.

"गोव्यात जमिनीचा भाव कधी उतरलाय का?"

हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या अनुभवात तो खरा असतो. दिल्ली-मुंबईच्या लोकांना इथे दुसरं घर हवं आहे आणि आसगाव-शिवोलीचे भाव आपण ऐकतोच. पण भाव वाढणं आणि उत्पन्न येणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवूया.

समजा 80 लाखांचा फ्लॅट घेतला, त्यात 60 लाख कर्ज साडेआठ टक्क्यांनी, 20 वर्षांसाठी. हप्ता बसतो सुमारे 52,000. भाडं 18,000 येतं असं धरू. त्यातून सोसायटीचे तीनेक हजार, घरपट्टी, रंगरंगोटी, वर्षातला एखादा रिकामा महिना. दरमहा खिशातून 34,000 हून जास्त जातात. कर्ज बाजूला ठेवलं तरी 80 लाखांवर भाडं येतं वर्षाला 2 लाख 16 हजार, म्हणजे 2.7 टक्के, तेही खर्च वजा न करता. हे कुळागर नव्हे. पुढे भाव वाढेल या आशेवर वीस वर्षं हप्ता भरणं आहे. आशा खरी ठरेलही. पण तिला उत्पन्न म्हणू नये, आणि तिच्यासाठी आईवडिलांची पुंजी पणाला लावू नये.

साठ पार केलेल्यांसाठी इथे एक तुलना सांगतोच. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल 2023 मध्ये 8.2 टक्के झाला आणि 2025 च्या अखेरपर्यंत तोच राहिला. कमाल मर्यादा 30 लाख. पूर्ण रक्कम ठेवली तर दर तिमाहीला 61,500 रुपये हातात येतात. त्या 80 लाखांच्या फ्लॅटच्या भाड्यापेक्षा जास्त, तेही निम्म्याहून कमी रकमेत. काकींनी दर पाहून ठेव तिथे हलवली. पोस्टात जायचा कंटाळा होता, पण ही योजना बँकेतही मिळते हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मोठ्या कार्यालयी इमारतींच्या भाड्यात थोडक्या पैशांत वाटा घ्यायचा असेल तर रीट नावाची सोय एप्रिल 2019 पासून आपल्या बाजारात आहे. वाटण्याजोग्या रकमेतले किमान 90 टक्के वाटण्याचं तिच्यावर बंधन असतं. तिचा भावही शेअरसारखा वर-खाली होतो, हे ध्यानात ठेवावं.

ट्रक घेतलेल्यांची गोष्ट

उत्पन्न देणारी मालमत्ता घेतली की काम झालं, असं कोणाला वाटत असेल तर डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत जाऊन यावं. खाणी जोरात होत्या तेव्हा तिथे खनिज वाहणारा ट्रक म्हणजे सोन्याची कोंबडी. घर गहाण ठेवून लोकांनी एकाचे दोन केले. त्यांना मूर्ख म्हणणारे लोक मी ऐकले आहेत आणि मला त्यांचा राग येतो. हिशेब बरोबरच होता, हप्ता जाऊन पैसे उरत होते. पण सप्टेंबर-ऑक्टोबर 2012 मध्ये आधी राज्य सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं. 2014 मध्ये बंदी उठली, आणि फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 खाणपट्टे (लीज) रद्द होऊन मार्चमध्ये पुन्हा सगळं ठप्प झालं. ट्रक दारात, हप्ता चालू, आणि त्याच खाणीवर घरच्या मुलाची नोकरी.

ट्रक, नोकरी, गॅरेज, चहाचा गाडा, सगळ्यांची मदार एकाच गोष्टीवर होती. कुळागरात जुन्या लोकांनी माड, पोफळ, केळ, पोफळीवर चढवलेली मिरवेल, खाली अननस असं एकावर एक का लावलं, ते इथे कळतं. सुपारीला कोळेरोग लागला त्या वर्षी मामाला केळ्यांनी आणि मिरीने तारलं होतं. आज किनारपट्टीवर हॉटेलात नोकरी, पर्यटकांना भाड्याने खोल्या आणि भाड्याच्या स्कूटर असं ज्यांचं सगळंच पर्यटनावर आहे, त्यांना 2020 च्या टाळेबंदीने हेच दाखवलं. अशा घरातल्या बचतीचा तरी काही भाग पर्यटनाशी संबंध नसलेल्या ठिकाणी हवा.

विकणारा सांगत नाही ते

समजा एजंट म्हणतो, "वर्षाला 50,000 भरा, 15 वर्षं. साडेसात लाख भरता, अकरा लाख मिळतात, वर विमा." ऐकायला साडेतीन लाखांचा फायदा. दर काढला तर तो पाच टक्क्यांच्याही खाली येतो, कारण पहिला हप्ता पंधरा वर्षं अडकलेला असतो. विमा हवा तर निव्वळ मुदत विमा घ्यावा, ज्यात मृत्यू झाला तरच घरच्यांना मोठी रक्कम मिळते आणि हप्ता बराच कमी असतो. गुंतवणूक वेगळी ठेवावी.

दुसरं, ठेव कुठे आहे ते बघा. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ प्रत्येक बँकेमागे प्रत्येक ठेवीदाराला व्याजासह 5 लाखांपर्यंत देतं. फेब्रुवारी 2020 पर्यंत ही मर्यादा एक लाखच होती. एप्रिल 2020 मध्ये म्हापसा अर्बन बँकेचा आणि जुलै 2021 मध्ये मडगाव अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला, तेव्हा वाढलेली मर्यादा किती घरांच्या कामी आली असेल, याचा विचार करा. पण हे संरक्षण बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. गल्लीतली पतसंस्था दीड-दोन टक्के जास्त देते म्हणून निवृत्तीची सगळी रक्कम तिथे ठेवणं मला अजिबात पटत नाही, मग संचालक कितीही ओळखीचे असोत. आणि महिन्याला पाच-दहा टक्के "हमखास" देणारा कोणी भेटला, तर 72 चा हिशेब करा. महिना पाच टक्के म्हणजे दीड वर्षाच्या आतच दामदुप्पट. असं कुळागर पृथ्वीवर नाही.

"आमच्याकडे उरतंच काय?"

हा आक्षेप मी सगळ्यात मनावर घेतो, कारण तो खरा आहे. पंधरा हजार पगारात भाडं आणि शाळेची फी भरून उरत नाही, आणि अशा माणसाला गुंतवणुकीवर प्रवचन देणं मला क्रूरपणाचं वाटतं. त्याने आधी क्रेडिट कार्डाची किंवा मोबाइल ॲपवरची कर्जं फेडावीत. वर्षाला 36 ते 42 टक्के व्याज खाणारं कर्ज फेडणं हीच त्याची सगळ्यात चांगली गुंतवणूक. मग तीन-चार महिन्यांचा खर्च बचत खात्यात. त्यानंतर पाचशे रुपयांपासून सुरुवात होते: पीपीएफमध्ये (सरकारच्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत) वर्षाला किमान 500 भरावे लागतात, एसआयपीही पाचशेत उघडता येते. रक्कम छोटी म्हणून लाजू नये. त्या पाचशेतून माणूस हिशेब वाचायला शिकतो.

गोव्याच्या नवरा-बायकोला मिळणारी एक सोय

ही गोष्ट गोव्याबाहेरच्या सल्लागारांना बहुतेक वेळा माहीतच नसते. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायदा चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर सर्वसाधारणपणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी-अर्धी. म्हणून 1961 च्या आयकर कायद्यात कलम 5ए आलं: अशा जोडप्याचं व्याज, भाडं, धंद्याचा नफा, भांडवली नफा हे उत्पन्न दोघांत समान वाटून दोघांच्या विवरणपत्रात दाखवायचं. पगार आणि स्वतःची पेन्शन मात्र ज्याची त्याची. काकांच्या नावावरच्या ठेवीचं अर्धं व्याज काकींच्या विवरणपत्रात जायला हवं होतं. कित्येक वर्षं ते सगळं काकांच्याच नावावर कर भरून जात होतं, कारण विवरणपत्र भरणारा पुतण्या बंगळुरूला असतो.

सामाईक मालकीची दुसरी बाजूही आहे. स्थावर मालमत्ता विकायची तर दोघांची संमती आणि सही लागते. मृत्यूनंतर नॉमिनीला पैसे मिळाले म्हणजे ते त्याचे झाले असं नाही. वारसांचे हिस्से कायद्याने ठरतात, मुलांचा हिस्सा राखीव असतो, आणि वाटणी इन्व्हेंटरीच्या, म्हणजे न्यायालयात मालमत्तेची यादी करून वाटण्याच्या, प्रक्रियेतून होते. ती प्रक्रिया कशी अडते ते मी मामा गेल्यावर त्याच्याच घरात पाहिलं. कुळागराचा प्रत्येक माड घरात सगळ्यांना माहीत होता, पण मामाच्या तीन बँकांतल्या ठेवी आणि एका जुन्या फंडाचा कागद शोधायला मामीला दीड वर्ष लागलं. लांबट वहीत त्यांची नोंदच नव्हती. आता मामेबहिणीने त्या वहीला मागून चार पानं जोडली आहेत: बँक, शाखा, ठेवीचा क्रमांक, फंडाचा फोलिओ (खाते क्रमांक), विम्याचा कागद कुठल्या कपाटात, नॉमिनी कोण. दर दिवाळीला ती आणि मामी बसून ती पानं तपासतात.